मकोंडोच्या तळाशी काय घडलं: फेसाळ सिमेंट आणि नॅनो ॲडिटिव्हची खरी कसोटी

तेलविहिरीच्या सिमेंटमध्ये नॅनो सिलिका, कार्बन नॅनोट्यूब किंवा ग्राफीन ऑक्साइड असे अतिसूक्ष्म कणांचे पदार्थ मिसळण्यावर गेल्या काही वर्षांत भरपूर संशोधन झालं आहे. ते चाळायला बसलं की एक आलेख हमखास भेटतो. आडव्या अक्षावर नॅनो पदार्थाचं प्रमाण, उभ्या अक्षावर घट्ट झालेल्या सिमेंटची दाबशक्ती. रेघ वर चढते आणि सिमेंट सुधारलं असा निष्कर्ष निघतो. विहिरीच्या कामाशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी हा आलेख थोडा वेळ बाजूला ठेवून मकोंडो विहिरीचं प्रकरण वाचावं, असं मला मनापासून वाटतं. इतकी चिरफाड झालेलं दुसरं सिमेंटिंगचं काम सापडणं कठीण, आणि तिथे घोडं अडलं ते दाबशक्तीपाशी नव्हे.

२० एप्रिल २०१० च्या रात्री मेक्सिकोच्या आखातात, लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर, मकोंडो विहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन या तरत्या रिगवर स्फोट झाले. रिगवर १२६ माणसं होती, त्यातली ११ गेली. दोन दिवसांनी रिग बुडाली. विहिरीचं तोंड १५ जुलैला बंद झालं, तोवर ८७ दिवस तेल वाहत होतं. सरकारी अंदाज ४९ लाख बॅरलचा होता. पुढे न्यायालयाने समुद्रात गेलेलं तेल सुमारे ३२ लाख बॅरल धरलं. विहीर बीपीची, रिग ट्रान्सओशनची, सिमेंटचं काम हॅलिबर्टनचं. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी जबाबदारी वाटली ती अशी: बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३० टक्के, हॅलिबर्टन ३ टक्के. तेल-वायू उसळला तर विहिरीचं तोंड बंद करणारा ब्लोआऊट प्रिव्हेंटर का चालला नाही, गॅस रिगच्या डेकवर कसा पसरला, हे सगळं महत्त्वाचं आहेच. मी मात्र इथे विहिरीच्या तळाशीच थांबणार आहे.

अरुंद वाट

समुद्राची खोली दीड हजार मीटरच्या आसपास, आणि रिगपासून मोजलं तर विहिरीचा तळ जवळजवळ ५,६०० मीटरवर. इतक्या खोल विहिरीत मडचं, म्हणजे ड्रिलिंग करताना विहिरीत भरलेल्या जड द्रवाचं, वजन ठरवणं ही तारेवरची कसरत असते. मड हलका पडला तर थरातला तेल-वायू विहिरीत शिरतो. जड झाला तर खडकच फुटतो आणि मड थरात निघून जातो. मकोंडोच्या तळाशी या दोन टोकांमधलं अंतर फारच कमी उरलं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला मड गळालाही. ती गळती कशीबशी थांबवली आणि ठरलेल्या खोलीच्या आधीच ड्रिलिंग आवरतं घेतलं.

आता याच विहिरीत केसिंग, म्हणजे पोलादी नळी, उतरवून तिच्या आणि खडकाच्या मधल्या पोकळीत, म्हणजे ॲन्युलसमध्ये, सिमेंट भरायचं होतं. साधी सिमेंट स्लरी, म्हणजे सिमेंट आणि पाण्याचं पातळ मिश्रण, मडपेक्षा खूप जड असते. मकोंडोच्या मूळ स्लरीची घनता पाण्याच्या दुप्पट, म्हणजे गॅलनला १६.७ पौंड होती, आणि मड १४ पौंडांच्या जवळपास. एवढी जड स्लरी तशीच ॲन्युलसमध्ये चढवली असती तर खडक पुन्हा फुटण्याची भीती होती. म्हणून तिच्यात नायट्रोजन घालून फेस करायचा आणि घनता १४.५ पौंडांवर आणायची, असं ठरलं. तळाच्या दाबाखाली या फेसात सुमारे १८ ते १९ टक्के जागा नायट्रोजनची होती. तिथे नायट्रोजन इतका दाबला जातो की त्याचं स्वतःचं वजनही हिशेबात धरावं लागतं.

सगळं मिळून सिमेंट होतं फक्त ६० बॅरल, म्हणजे साडेनऊ हजार लिटर. त्यात आधी थोडी साधी स्लरी, मग सुमारे ४८ बॅरल फेसाळ स्लरी, आणि शेवटी केसिंगच्या बुडातल्या ५८ मीटरच्या शू ट्रॅकसाठी जेमतेम ७ बॅरल साधी स्लरी. खडक फुटू नये म्हणून पंपाचा वेगही मिनिटाला ४ बॅरलच्या वर न्यायचा नव्हता. इतक्या खोलवर, इतकं थोडं सिमेंट, इतक्या हळू. अशा कामात चूक पोटात घालायला जागाच उरत नाही.

पोत्यातलं मिश्रण आणि प्रयोगशाळेतला फेस

आता या प्रकरणातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट. रिगवर जे सिमेंट होतं ते या कामासाठी मुद्दाम बनवलेलं नव्हतं. आधीच्या एका विहिरीच्या कामातून उरलेलं कोरडं मिश्रण रिगच्या टाक्यांत पडून होतं, तेच वापरायचं ठरलं. तेलविहिरींसाठीचं क्लास एच सिमेंट, त्यात सिलिका पीठ आणि बारीक सिलिका वाळू, डिस्पर्संट (स्लरी पातळ ठेवणारं रसायन), मीठ, आणि डीफोमर. डीफोमर म्हणजे फेस मोडणारं रसायन. साध्या स्लरीत ते हवंच, नाहीतर मिक्सिंगच्या वेळी हवा अडकते आणि घनता चुकते. पण इथे त्याच मिश्रणातून टिकाऊ फेस काढायचा होता. फेस धरणारं रसायन वरून घातलं, म्हणजे एकाच स्लरीत फेस मोडणारा आणि फेस धरणारा असे दोन पदार्थ एकत्र आले. त्यातून डिस्पर्संटचाही फेसावर वाईट परिणाम होऊ शकतो. कागदावर ही रेसिपी पाहिली तरी सिमेंटवाल्याच्या कपाळावर आठी पडायला हवी होती.

फेसाची चाचणी करायची पद्धत साधी आहे. स्लरी बंद ब्लेंडरमध्ये घुसळून ठरल्या घनतेचा फेस करतात, तो नळकांड्यात ओततात, गरम टबमध्ये घट्ट होऊ देतात. मग नळकांड्याचे वरचे, मधले आणि खालचे तुकडे कापून प्रत्येकाचं वजन करतात. तिन्हींची घनता ठरल्याएवढी आली तर फेस टिकला. खालचा तुकडा जड निघाला किंवा सगळीच घनता वाढली, तर बुडबुडे फुटून वायू निघून गेला. हे वातावरणाच्या दाबाखाली करतात, त्यामुळे तळाची परिस्थिती हुबेहूब येत नाही. तरी वर टेबलावरच न टिकणारा फेस खाली टिकेल असं धरून चालता येत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचे मुख्य वकील फ्रेड बार्टलिट यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये या चाचण्यांचा हिशेब मांडला. फेब्रुवारीत थोड्या वेगळ्या रेसिपीवर झालेल्या दोन चाचण्यांत फेस टिकला नव्हता. एप्रिलच्या मध्यावर झालेली चाचणीही फसली. त्यानंतर स्लरी फेसण्याआधी जास्त वेळ ढवळून पुन्हा चाचणी लावली, आणि ती जमली. पण तिचा निकाल १९ एप्रिलच्या संध्याकाळी पंप सुरू होण्याआधी हॅलिबर्टनच्या हाती होता की नाही याची शंका आहे, आणि बीपीकडे तर तो नव्हताच. आयोगाने नंतर शेव्हरॉन या तेलकंपनीच्या प्रयोगशाळेकडून याच रेसिपीच्या चाचण्या करवून घेतल्या. फेसाच्या नऊ चाचण्यांपैकी एकीतही फेस टिकला नाही. त्याच प्रयोगशाळेत स्लरीचे बाकीचे गुण, ताकदीसकट, हॅलिबर्टनच्या आकड्यांशी जुळत होते.

हे शेवटचं वाक्य नॅनो सिमेंटवर काम करणाऱ्या प्रत्येकाने टेबलासमोर चिकटवून ठेवावं. ताकदीचा रकाना बिनचूक भरलेला, आणि तरी विहीर उघडी.

फेस तळाशी मोडला तर काय होतं? लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, मोठे वर सरकतात, त्यांच्या जागा जोडल्या जाऊन सिमेंटमध्ये वायूला जायला वाट तयार होते. ज्या भागातला वायू गेला तो भाग जड होऊन खाली बसतो. तपासात असं दिसलं की तेल-वायू ॲन्युलसच्या वरच्या अंगाने न येता तळाच्या शू ट्रॅकमधून केसिंगच्या आत शिरला. म्हणजे बाहेरचं फेसाळ सिमेंट आणि आतलं साधं सिमेंट, दोन्ही अडथळे फसले. आतलं का फसलं याबद्दल बीपीच्या अहवालात काही शक्यता आहेत: फेसातून सुटलेला नायट्रोजन त्यात मिसळला असेल, किंवा शूच्या, म्हणजे केसिंगच्या खालच्या टोकाच्या, खाली उरलेल्या १७ मीटरच्या मोकळ्या भोकातला हलका मड वर येऊन जड सिमेंट खाली गेलं असेल. सिमेंट केसिंगमध्ये परत येऊ नये म्हणून बसवलेल्या फ्लोट कॉलरचे व्हॉल्व्ह नीट बंद झाले की नाही, यावरही शंका आहे.

इथे नॅनो पदार्थ असता तर

माझ्या मते इथेच नॅनो ॲडिटिव्हची खरी परीक्षा घ्यावी. चकचकीत नमुन्यावर घेतलेली परीक्षा सोपी असते. मकोंडोसारख्या अडचणीत सापडलेल्या विहिरीत ते काय करू शकले असते, आणि त्याची किंमत काय पडली असती, हे बघायला हवं.

पहिला मुद्दा फेसाचा, आणि इथे आशा खरी आहे. साबणासारखं फेस धरणारं रसायन बुडबुड्याच्या पृष्ठभागावर येत-जात राहतं. थोडी ऊर्जा मिळाली की रेणू सुटतो. नॅनो कण मात्र, जर तो पाण्याला अर्धवटच भिजणारा असेल, तर बुडबुड्याच्या भिंतीत रुतून बसतो. दहा नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाला त्या भिंतीतून उपटायला लागणारी ऊर्जा साध्या उष्णतेच्या हालचालीच्या हजारो पट भरते. म्हणून कणांनी मढवलेले बुडबुडे सहज एकमेकांत मिसळत नाहीत, आणि लहान बुडबुड्यातून मोठ्यात वायू झिरपण्याचा वेगही मंदावतो. सिमेंटमध्ये एक जास्तीचा फायदा मिळतो: सिलिकाचा कण बुडबुड्याच्या भिंतीवरच चुन्याशी संयोग पावून घट्ट कवच बनवू शकतो.

पण नुसतं ‘नॅनो सिलिका घातली’ एवढ्याने हे होत नाही. साधी नॅनो सिलिका पाण्याला पूर्ण भिजते, ती बुडबुड्यावर बसतच नाही. तिचा पृष्ठभाग रसायनाने थोडा जलविरोधी करावा लागतो, आणि तो बदल सिमेंटच्या पाण्यात, म्हणजे तेराच्या आसपास पीएच आणि भरपूर कॅल्शियम असलेल्या द्रवात, टिकायला हवा. वर त्याच स्लरीत डीफोमर असेल तर? बरेच डीफोमर जलविरोधी कण आणि तेल यांच्याच जोडीवर चालतात. म्हणजे कण थोडा जास्त जलविरोधी झाला की तोच फेस मोडायला लागेल. मकोंडोच्या उरलेल्या मिश्रणात नॅनो कण ओतून प्रश्न सुटला असता, असं म्हणायला मी धजावणार नाही. आधी ते मिश्रणच बदलायला हवं होतं.

दुसरा मुद्दा वायूच्या शिरकावाचा. ओतलेलं सिमेंट द्रव असेपर्यंत आपल्या वजनाने थराला दाबून धरतं. ते गोठायला लागलं की स्वतःचा भार केसिंगच्या आणि खडकाच्या भिंतींवर टाकतं, आणि तळावरचा दाब उतरत जातो. पुरेसं घट्ट होऊन ते वायूला अडवू लागेपर्यंतचा मधला काळ सर्वांत धोक्याचा. गोठत्या स्लरीच्या जेलची ताकद शंभर चौरस फुटांना १०० पौंडांपासून ५०० पौंडांपर्यंत चढायला लागणारा वेळ त्यासाठी मोजतात, आणि त्यालाच या धंद्यात ट्रान्झिशन टाइम म्हणतात. नॅनो सिलिका हा वेळ कमी करते. सिमेंटच्या वजनाच्या एक-दोन टक्के कणही हायड्रेशनला, म्हणजे सिमेंट-पाण्याच्या संयोगाला, असंख्य नवी केंद्रं देतात, कॅल्शियम हायड्रॉक्साइड खाऊन सिमेंटला घट्टपणा देणारं जास्तीचं सी-एस-एच जेल बनवतात आणि मधली छिद्रं भरतात. माझ्या दृष्टीने विहिरीतल्या नॅनो सिलिकाचा सर्वांत भरवशाचा उपयोग हाच आहे. दाबशक्तीतली वाढ त्यासोबत आपसूक मिळते, पण माल तिच्यासाठी विकत घ्यायचा नसतो.

आणि आता किंमत. साधा हिशेब करून पाहा. शंभर ग्रॅम सिमेंटचा एकूण पृष्ठभाग ढोबळमानाने तीस चौरस मीटर. त्यात एक ग्रॅम नॅनो सिलिका घातली, तिचा पृष्ठभाग दोनशे चौरस मीटर. एक टक्का वजनाने पृष्ठभाग जवळजवळ आठपट झाला. हा सगळा पृष्ठभाग पाणी धरून ठेवतो, स्लरी दाटते, पंपाचा दाब चढतो. मकोंडोची सगळी अडचणच अशी होती की तळावरचा दाब थोडाही वाढवून चालणार नव्हता. मिनिटाला ४ बॅरलच्या वर जायचं नाही असं ठरलेल्या विहिरीत दाट स्लरी म्हणजे खडक फुटण्याला निमंत्रण. स्लरी पातळ करायला डिस्पर्संट वाढवावं, तर ते पुन्हा फेसाच्या मुळावर येतं. नॅनो सिलिका सिमेंट लवकर गोठवते म्हणून रिटार्डर, म्हणजे गोठणं लांबवणारं रसायन, वाढवावं, तर मिळवलेला ट्रान्झिशन टाइम हातचा जातो. म्हणून सगळ्या स्लरीत नॅनो सिलिका घालण्यापेक्षा शू ट्रॅकच्या त्या ७ बॅरलपुरती ती वापरणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. थोडी स्लरी, थोडा जास्तीचा दाब, आणि जिथून वायू प्रत्यक्षात शिरला तिथेच लवकर गोठणारं, घट्ट सिमेंट.

कार्बन नॅनोट्यूब आणि ग्राफीनचं काय? मकोंडोपुरतं उत्तर सोपं आहे: काही नाही. ते पदार्थ सिमेंटला ताण सहन करायला मदत करतात, सूक्ष्म तडे पसरण्याआधी त्यांना सांधून धरतात. सिमेंटची ताणशक्ती दाबशक्तीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते, त्यामुळे वर्षानुवर्षं दाब आणि तापमानाचे हेलकावे खाणाऱ्या विहिरीत त्यांचं मोल मोठं आहे: वाफ सोडण्याच्या विहिरी, वायूसाठ्याच्या विहिरी, कार्बन डायऑक्साइड जमिनीत कोंडण्याच्या विहिरी. मकोंडोचं सिमेंट मात्र स्फोटाच्या वेळी एक दिवसाचंही नव्हतं. त्याला तडे जायला वेळच मिळाला नाही.

शिवाय नॅनोट्यूब एकमेकींना इतक्या घट्ट धरून बसतात की त्या नीट पसरवणं हेच मोठं काम होतं. प्रयोगशाळेत अल्ट्रासाऊंडने पाव लिटर पाण्यात त्या पसरवता येतात; रिगवरच्या मिक्सिंग टबमध्ये कोरडी पूड टाकली तर घाईत हलवलेल्या पिठल्यासारख्या गुठळ्या राहतात, आणि प्रत्येक गुठळी ही घट्ट झालेल्या सिमेंटमधली कच्ची जागा ठरते. म्हणून विहिरीवर न्यायचा कुठलाही नॅनो पदार्थ आधीच पाण्यात पसरवलेल्या, डब्यातून मोजून घालता येणाऱ्या द्रवाच्या रूपातच न्यावा. नॅनो सिलिका अशी मिळते, हेही तिच्या पुढे जाण्याचं एक कारण आहे.

जे कुठल्याच ॲडिटिव्हच्या हातात नव्हतं

केसिंग भोकाच्या मधोमध राहावी म्हणून सेंट्रलायझर लावतात. हॅलिबर्टनच्या मॉडेलनुसार २१ हवे होते, लागले ६. जास्तीचे १५ रिगवर आणले होते, पण ते चुकीच्या प्रकारचे आहेत असं समजून वापरले नाहीत. सिमेंटआधी विहिरीतला सगळा मड एकदा फिरवून घ्यायला सुमारे २,७६० बॅरल पंप करावे लागले असते. केले ३५० च्या आसपास, कारण पुन्हा गळतीची धास्ती होती. सिमेंट बसलं की नाही हे तपासणारा बाँड लॉग करायला आलेली श्लंबर्जेची माणसं २० तारखेला सकाळी परत पाठवली, कारण जेवढा मड आत जात होता तेवढाच बाहेर येत होता, आणि तेच यश मानलं गेलं. पूर्ण परतावा मिळाला याचा अर्थ मड थरात गेला नाही एवढाच होतो. सिमेंट कुठे बसलं, फेस टिकला का, गोठलं का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. संध्याकाळच्या निगेटिव्ह प्रेशर टेस्टमध्ये, म्हणजे आतला दाब मुद्दाम उतरवून विहीर गळते का हे पाहणाऱ्या चाचणीत, ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब दिसत राहिला, तरी चाचणी पास धरली. रिगचा रोजचा खर्च दहा लाख डॉलरच्या घरात आणि काम वेळापत्रकाच्या बरंच मागे. हे सगळे निर्णय कुठल्या दडपणाखाली झाले ते समजतं. त्यांचं समर्थन होत नाही.

हे आपल्यापासून फार दूरचं आहे असं कुणी समजू नये. १९७४ साली सापडलेल्या आणि १९७६ पासून तेल देणाऱ्या मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रात थरांचा दाब उतरलेला असतो, आणि उतरलेल्या थरातून ड्रिलिंग करताना मड गळण्याची आणि हलक्या सिमेंटची हीच ओढाताण समोर उभी राहते. तिथे काम करणारी कितीतरी माणसं उरण-पनवेलपासून कोकणापर्यंतच्या घरांतली आहेत. नॅनो ॲडिटिव्ह विकायला येणाऱ्याने त्यांच्यासमोर दाबशक्तीचा आलेख ठेवला, तर त्यांनी पुढचे प्रश्न विचारायला हवेत. हा फेस तुम्ही आमच्याच टाकीतल्या सिमेंटवर, त्यातल्या डीफोमरसकट तपासला का? नळकांड्याच्या तीन तुकड्यांची घनता किती आली? आमच्या तापमानाला ट्रान्झिशन टाइम किती मिनिटं, आणि रिटार्डर घातल्यावर किती? तुमच्या द्रवामुळे स्लरी किती दाटली, आणि आमच्या ठरलेल्या पंपदराला तळावर दाब किती चढेल? मडमध्ये दहा टक्के मिसळली तर हीच स्लरी गोठते का? द्रवाचा डबा महिनाभर उन्हात राहिला तर त्यातले कण तळाशी बसतात का?

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०१० सालीच, मे आणि डिसेंबरमध्ये, प्रवाहाची शक्यता असलेले थर सिमेंटने बंद करण्याबद्दलच्या दस्तऐवजाच्या दोन आवृत्त्या काढल्या. फेसाळ सिमेंटच्या चाचणीची प्रमाण पद्धतही आहे. नॅनो पदार्थ घातलेल्या फेसाळ स्लरीसाठी मला आणखी दोन अटी हव्यात: चाचणीचा नमुना कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या ताज्या सिमेंटऐवजी रिगच्या टाकीतून काढलेल्या सिमेंटचा असावा, आणि एक चाचणी फसली तर ढवळण्याचा वेळ बदलून मिळवलेल्या पास निकालाबरोबर तो फसलेला निकालही विहिरीच्या मालकाकडे त्याच दिवशी, त्याच कागदावर जावा.